जांभ्याच्या भिंतीला सिमेंट मारायचं का?

प्रश्न: नमस्कार सर, आमचं घर बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, पणजोबांनी गावातल्याच गवंड्याकडून बांधून घेतलेलं, सगळा जांभा आणि चुना. मागं बाहेरून सिमेंटचं प्लास्टर केलं आणि तेव्हापासून सोप्यात ओल चढतीय, आतून चिऱ्याचा भुगा पडतोय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय आतूनपण सिमेंट मारा, भाऊ म्हणतोय पाडून आरसीसी करू, असल्या घराला कोण ऐतिहासिक म्हणतंय. काय करू?

उत्तर: ताई, पाडू नका हो, आणि आतून सिमेंट तर मुळीच नको. जांभा पाणी पितोच, त्यात खानापूरकडचा पाऊस, जमिनीतली ओल जोत्यातून वर येणारच, पण चुना ती बाहेर सोडतो आणि भिंत वाळते. सिमेंटनं ती वाट बंद झाली, मग ओल आतल्या बाजूनं निघायला लागली, येताना क्षार घेऊन येतीय, ते दगडाच्या तोंडाशी वाळले की पापुद्रे सुटतात, तुमचा भुगा तोच. आतूनपण कोंडलं तर ओल तुळयांच्या टोकापर्यंत जाईल, आणि लाकूड कुजलं की मग खरंच अवघड आहे.

दिवाळीनंतर बाहेरचं सिमेंट काढायला घ्या, छन्नीनं, सावकाश. ब्रेकर लावू देऊ नका. खाणीतून काढताना जांभा मऊ असतो, हवा लागून कडक होतो, ते कडक तोंडच उडालं तर आतला मऊ दगड उघडा पडणार. मग होळीपर्यंत भिंत नुसती वाळू दे. त्यानंतर मुरवलेल्या चुन्यानं दगडांमधल्या दरजा भरा, गिलावा पण चुन्याचाच, पातळ थरात, वर ओली पोती टाकून, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगड बनतो, मिरगाआधी त्याला वेळ मिळायला पाहिजे. मिस्त्री म्हणेल ताकदीसाठी थोडं सिमेंट टाकूया, ऐकू नका. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचत असेल तर ते आधी लांब काढा. भिंतीनं पोट काढलंय किंवा कमानीला तडा गेलाय असं दिसलं तर मात्र जुन्या बांधकामातला इंजिनीअर बोलवाच.

आणि भावाला सांगा, बेळगाव किल्ल्यातली १२०४ सालची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, हलशीचं कदंब राजांचं देऊळ हा इतिहास आहेच, पण गावच्या गवंड्यानं तिथलाच चिरा घडवून उभं केलेलं घर पण इतिहासच आहे, आणि त्याला सांभाळायला तुम्हीच आहात. त्या गवंड्याचं नाव घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारून लिहून ठेवा, त्यांच्या घरात अजून कोणी चुन्याचं काम करत असेल तर पहिलं बोलावणं त्यांनाच करा.