आधी तो 'च' खोडा

"मॅडम, परफेक्ट जमणार नसेल तर मी त्याला हातच लावत नाही." समुपदेशनाला येणाऱ्यांकडून हे वाक्य मी आठवड्यातून दोनतीनदा तरी ऐकते आणि बहुतेकांच्या आवाजात थोडा अभिमानही असतो. म्हणून समीरबद्दल लिहितेय (नाव, तपशील बदललेत, त्याला विचारून लिहितेय).

वय ३४, आयटीत नोकरी. साधा मेलसुद्धा दहा वेळा वाचून ड्राफ्टमध्ये ठेवणार. आणि एक कथा चार वर्षं दिवाळी अंकाला पाठवायचीय, दरवर्षी मुदत येते नि जाते.

पाचव्या भेटीत त्याला म्हटलं, वही आण. पहिलाच परिच्छेद तेवीस वेळा लिहिलेला! म्हटलं, सगळ्यात जुना वाच आणि मग सगळ्यात नवा. जुन्यात आई स्टोव्हला पिन मारत होती, रॉकेलचा वास होता, ती पुटपुटत होती. नव्यात नुसतं 'आई स्वयंपाक करत होती'.

"पिन कुठे गेली रे?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "कोणीतरी म्हणेल जुनंच उगाळतोय."

"आणि पुटपुटणं?"

"आईला वाईट वाटेल." मग स्वतःच हळूच, "मॅडम, मी गोष्ट सुधारतच नव्हतो ना?"

नव्हताच. जिथे जिथे कोणी नाव ठेवेल असं वाटलं ती जागा तो पुसत होता, आणि गोष्टीचा जीव नेमका तिथेच होता. त्या दिवशी मला फार बरं वाटलं कारण हे मी सांगितलं असतं तर त्याने नुसती मान डोलावली असती.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर काम करते, त्यांनी १९५५ मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती (त्रास देणारे हट्टी विचार तपासून बदलायची पद्धत) मांडली. मला तिचं सार आपल्या मराठीतल्या एका अक्षरात दिसतं. 'कथा उत्तम व्हावी' ही इच्छा झाली, 'कथा उत्तमच झाली पाहिजे' हा हट्ट. इच्छा माणसाला कामाला बसवते, हट्ट उठवतो. समीरला ते वाक्य कागदावर लिहून 'च' आणि 'पाहिजे' खोडायला लावलं.

पण नुसतं पटून भागत नाही, करून बघावं लागतं. एलिस स्वतः १९ वर्षांचे असताना मुलींशी बोलायला घाबरायचे, तर न्यूयॉर्कच्या बागेत बाकावर बसलेल्या शंभर जणींशी महिनाभरात मुद्दाम बोलले. एकीनेच भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. भीती मात्र गेली!

तुम्हीही लहानापासून सुरू करा. मेल दोनदाच वाचायचा नि पाठवायचा. लिहायला पाऊण तासाचा अलार्म लावायचा, वाजला की पेन खाली. अस्वस्थ वाटणारच, ते जायची वाट बघत बसू नका, ते असतानाच पाठवा.

जुलैत रात्री अकराला त्याचा मेसेज आला, "पाठवली. पिनसकट. पोटात गोळा आलाय."

मी लिहिलं, "येऊ दे."

दहा मिनिटांनी परत, "तिसऱ्या पानावर स्टोव्हचं स्पेलिंग चुकलंय. पण परत पाठवत नाहीये."