एक्स-रेत झीज दिसली, म्हणून चालणं थांबवायचं का?

‘‘गुडघे झिजलेत म्हणतात. चालले तर आणखी झिजतील ना?’’ 52 वर्षांच्या एका ताईंचा हा प्रश्न. या भीतीने त्यांनी सकाळचं फिरणं सोडलं होतं. आठ महिन्यांत वजन सहा किलोंनी वाढलं आणि गुडघ्यांच्या जोडीला पाठ, मांड्या, खांदेही ठणकू लागले.

एक्स-रेत दिसते तेवढंच दुखतं असं नाही. बरीच झीज असूनही नीट हिंडणारी माणसं असतात. गुडघ्याला आधार देतात ते मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू. ते वापरले नाहीत तर काही आठवड्यांत अशक्त होतात आणि सगळा भार सांध्यावर येतो. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण हालचालीवरच चालतं. त्यामुळे बसून राहून गुडघा वाचत नाही. वजनाचंही तसंच. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार हलका होतो.

ताईंना दिवसभराचं विचारलं, तेव्हा खरं कळत गेलं. भाजी चिरायला विळीवर उकिडवं बसणं, रात्री एकपर्यंत मोबाइल, झोप जेमतेम पाच तास. झोप अपुरी असली की तेच दुखणं जास्त जाणवतं. दोन्ही जेवणांत डाळ नावापुरती, म्हणजे स्नायूंना लागणारी प्रथिनंही कमीच. शिवाय दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी रोज चालू, तीही रक्तदाबाच्या औषधासोबत! या गोळीने रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. ही सवय आधी थांबवायला सांगितली.

डॉक्टरांनी केलेल्या तपासणीत थायरॉइड मंद निघालं, ड जीवनसत्त्व 11 (नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर) होतं. ते 20 पेक्षा कमी म्हणजे कमतरता. या दोन्हींमुळे अंग दुखतं आणि कितीही मालिश केली तरी ते हटत नाही. 60,000 युनिटची ड जीवनसत्त्वाची गोळी आठवड्यातून एकदाच, तीही डॉक्टर सांगतील तेवढेच आठवडे घ्यायची. मनाने चालू ठेवली तर रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं.

मग विळी सुटली, ओट्याशी उभं राहून सुरी-पाट आले. सपाट रस्त्यावर दहा मिनिटं, दिवसातून दोनदा चालणं सुरू झालं. व्यायाम एकच दिला: पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबत मांडी पाच सेकंद आवळायची. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. श्वास मात्र रोखायचा नाही, विशेषतः रक्तदाब असेल तर.

सुरुवातीला थोडं दुखतंच. दुसऱ्या सकाळपर्यंत शमलं तर चालणं वाढवत न्यायचं, वाढलं तर निम्म्यावर आणायचं. मात्र सांधा सुजून गरम झाला, ताप आला, किंवा सकाळचा आखडलेपणा तासाभरानेही सुटला नाही, तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं. ती नुसती झीज नसून सांध्यांना सूज आणणारा संधिवात असू शकतो आणि त्याला वेगळे उपचार लागतात.