नाक खरं की मीटर?

प्रश्न : कळमेश्वरजवळ माझी ३,००० ब्रॉयलरची शेड आहे. थंडीत पडदे पाडले की अमोनिया साठतो, म्हणून ऑनलाइन ९०० रुपयांचं मीटर मागवलं. कोळशाची शेगडी पेटवली की ते ६० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ६० भाग) दाखवतं, विझली की १५. कामावरचा पोरगा म्हणतो, वासच येत नाही. खरं कोणाचं? विहिरीचं पाणी यानेच तपासता येईल का?

उत्तर : भाऊ, खरं दोघांचंही नाही. पोरगा दिवसभर आतच असतो, त्याचं नाक मेलंय. नागपुरातल्या प्रयोगशाळेत मी एकदा अमोनियाच्या बाटलीचं बूच अर्धवट लावून तासभर काम करत बसले होते. चहा घेऊन आलेला शिपाई दारातूनच डोळे चोळत मागे फिरला, तेव्हा मला कळलं.

आता मीटर. या किमतीत बहुतेक तापलेल्या टिन ऑक्साइडचा सेन्सर मिळतो. त्याला अमोनिया कळतो, तसाच धूर, सॅनिटायझरची वाफही कळते; कोणता वायू कोणता, ते त्याला वेगळं ओळखता येत नाही. तुमचे ६० शेगडीचे असणार. १५ वरही मी विसंबणार नाही.

हवा ओढायचा छोटा हातपंप आणि अमोनियाने रंग बदलणाऱ्या काचेच्या नळ्या घ्या. नळीची दोन्ही टोकं मोडायची, पंपाचा एक दट्ट्या ओढला की १०० मिली हवा आत येते, आणि रंग कुठवर बदलला ते काचेवरच्या खुणांवर वाचायचं. एक नळी एकदाच चालते, पण महिन्याला चार-पाच पुरतात. इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरचं मीटर यापेक्षा सोयीचं, पण महाग; शिवाय दोनेक वर्षांत सेन्सर बदलावा लागतो.

मोजायचं पहाटे, पडदे उचलायच्या आधी आणि उकिडवं बसून. अमोनिया हवेपेक्षा हलका खरा, पण तो निघतो जमिनीवर अंथरलेल्या तुसातून आणि कोंबडीचं नाक तुसापासून वीतभरावर. २५ पीपीएमच्या वर गेलं तर पाणी प्यायच्या निपलखालचं ओलं तूस आधी काढा आणि पडदा वरून हातभर मोकळा ठेवा.

पाण्यासाठी हे मीटर चालणार नाही. थेंब टाकून रंग जुळवायचा किट घ्या. पिण्याच्या पाण्यात अमोनियाची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे.

आणि पडदे बंद करून कोळसा जाळता, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही आणि अमोनियाच्या नळीत तो दिसतही नाही. पोरगा रात्री शेडमध्येच झोपतो का, ते आधी कळवा.