निंबोळी अर्क : मात्रा वाढवू नये, वेळ चुकवू नये

हरभरा फुलोऱ्यात आल्यापासून कडुनिंब आणि सीताफळ यांसारख्या झाडांतील औषधी द्रव्यांच्या वापराविषयी सेलू, औसा आणि धारूर या तालुक्यांतील शेतकरी बांधवांचे प्रश्न आले आहेत. त्यांतील महत्त्वाच्या प्रश्नांना येथे उत्तर देत आहे.

सेलू तालुक्यातील एका शेतकऱ्याने लिहिले आहे की, दुकानातून दहा हजार पीपीएमचे (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग) निंबोळीयुक्त औषध आणून हरभऱ्यावर फवारले, तीन दिवस झाले तरी घाटेअळी जिवंत आहे, आणि दुकानदार आता मात्रा दुप्पट करून सोबत आणखी एक बाटली मिसळण्यास सांगतो आहे.

मात्रा दुप्पट करू नये आणि दुसरी बाटलीही मिसळू नये. निंबोळीतील प्रमुख कीडरोधक द्रव्य म्हणजे अझाडिरॅक्टिन, आणि ते अळीला जागच्या जागी पाडणारे विष नाही. अळी वाढताना कात टाकते, त्यासाठी तिच्या शरीरात संप्रेरके ठरावीक वेळी सुटावी लागतात, आणि अझाडिरॅक्टिन नेमके त्याच व्यवस्थेत बिघाड करते. शिवाय अळीच्या तोंडाशी असलेल्या, चव ओळखणाऱ्या भागांवर त्याचा परिणाम होऊन तिचे खाणे कमी होते. म्हणून फवारणीच्या दुसऱ्या दिवशी अळी झाडावर जिवंत दिसते, परंतु ती सुस्त असते, खात नाही आणि पुढची कात टाकताना अर्धवट कातीत अडकून मरते. हे सगळे घडायला साधारण चार ते सात दिवस लागतात. तोपर्यंत मेलेल्या अळ्या शोधत बसण्यापेक्षा शेंड्याची पाने नव्याने कुरतडली जात आहेत का आणि पानांवर ताजी ओलसर विष्ठा पडते आहे का, एवढे पाहावे. खाणे थांबले असेल, तर औषध काम करीत आहे.

हे सगळे लहान अळीबाबत खरे आहे. हरभऱ्याच्या कोवळ्या पानांवर हिरवा भाग खरवडल्यासारखे पांढुरके, पारदर्शक चट्टे दिसू लागले की अळी पहिल्या किंवा दुसऱ्या अवस्थेत आहे असे समजावे. निंबोळीची वेळ तीच असते. अळी बोटाच्या पेराएवढी होऊन, डोके घाट्यात आणि अर्धे अंग बाहेर अशी दिसू लागली, की निंबोळीची वेळ गेलेली असते आणि त्यानंतर कितीही मात्रा ओतली तरी पैसे वाया जातात. बहुतेक शेतांत फवारणी याच अवस्थेत सुरू होते, कारण तोपर्यंत अळी डोळ्यांना दिसत नाही आणि दुकानदारालाही ती दिसल्यावरच बाटली विकता येते. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारे) लावलेले असतील आणि सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात आठ ते दहा पतंग येत असतील, तर चट्टे दिसण्याचीही वाट पाहू नये. सेलूच्या शेतकऱ्यांच्या वर्णनावरून त्यांच्या शेतातील अळी मोठी झालेली आहे. तेथे आता निंबोळीचा हट्ट सोडून इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के हे कीटकनाशक १० लिटर पाण्यात ४.४ ग्रॅम या प्रमाणात एकदाच, एकटेच, सायंकाळी फवारावे. सोबत काहीही मिसळू नये, टॉनिकसुद्धा नाही.

आता मात्रेचा हिशेब, कारण सर्वांत जास्त चुका येथेच होतात. निंबोळीयुक्त औषधे ३००, १५०० आणि १०,००० पीपीएम अशा निरनिराळ्या तीव्रतांमध्ये मिळतात. १०,००० पीपीएम म्हणजे एक टक्का, १५०० म्हणजे ०.१५ टक्के आणि ३०० म्हणजे ०.०३ टक्के. १५०० पीपीएमचे ५० मिली औषध १० लिटर पाण्यात टाकले, तर एका लिटरमध्ये साधारण साडेसात मिलिग्रॅम अझाडिरॅक्टिन येते. तेच ५० मिलीचे माप १०,००० पीपीएमच्या बाटलीतून घेतले, तर लिटरला ५० मिलिग्रॅम होते, म्हणजे जवळजवळ सातपट. दुकानात मात्र तिन्ही बाटल्यांसाठी ‘पंपाला एक टोपण’ हेच प्रमाण तोंडी सांगितले जाते. टोपण हे माप नव्हे, आणि पंपही कोणाचा १५ लिटरचा तर कोणाचा २० लिटरचा असतो. बाटलीवर छापलेले प्रमाण वाचावे, मोजपात्राने मोजावे आणि तेवढेच टाकावे. जास्त मात्रेने अळी लवकर मरत नाही. उलट तेलकट औषध कोवळ्या शेंड्यावर साचून पाने करपतात, फुले गळतात, आणि मग त्याच दुकानातून करप्यावरचे बुरशीनाशक आणावे लागते. गंधकयुक्त औषध आणि निंबोळी तेल एकत्र फवारू नये, बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुना यांच्या द्रावणात) ते मिसळू नये, आणि मात्रा दुप्पट करू नये.

फवारणीची वेळही तितकीच महत्त्वाची आहे. अझाडिरॅक्टिन सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी झपाट्याने नष्ट होते. सकाळी दहाला फवारून दिवसभर ऊन खाल्लेल्या औषधाकडून संध्याकाळी फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. ऊन उतरल्यावर, साधारण पाचनंतर फवारावे. त्या वेळी मधमाश्याही परतलेल्या असतात. दुसरी अडचण आपल्या बोअरच्या पाण्याची आहे. मराठवाड्यातील काळ्या पाषाणातून येणारे पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि विम्लधर्मी (अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट) असते, आणि विम्लधर्मी पाण्यात हे द्रव्य टिकत नाही. सकाळी टाकीत कालवून ठेवलेले द्रावण सायंकाळी फवारणे म्हणजे नुसते पाणी फवारणे होय. शक्य असेल तर साठवलेले पावसाचे किंवा विहिरीचे हलके पाणी घ्यावे, नसेल तर पाण्यात थोडे लिंबूसत्व टाकून सामू (पीएच) सहा ते साडेसहाच्या आसपास आणावा, आणि औषध कालवल्यावर लगेच संपवावे.

माझा स्पष्ट आग्रह असा की, ज्यांच्या बांधावर कडुनिंब आहे त्यांनी बाटली विकत घेऊच नये. अझाडिरॅक्टिन १९६८ साली बटरवर्थ आणि मॉर्गन या दोन इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी निंबोळीतून वेगळे काढले, टोळाने ते लावलेले खाद्य नाकारावे या कसोटीवर. त्याची रेणुरचना इतकी गुंतागुंतीची निघाली की, ती नक्की व्हायला १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला, आणि केंब्रिजमध्ये स्टीव्हन ले यांच्या गटाला ते प्रयोगशाळेत बनवायला २००७ साल लागले. ती पद्धत एवढी लांबलचक आहे की तिच्यावर कारखाना चालू शकत नाही. म्हणून आजही बाजारातील बाटलीत जे अझाडिरॅक्टिन असते ते निंबोळीतूनच काढलेले असते. ज्येष्ठ-आषाढात आपल्या झाडाखाली सडून जाणारी, किंवा व्यापारी किलोच्या भावाने उचलून नेणारी निंबोळीच रंगीत लेबल लावून हिवाळ्यात आपल्याला परत विकली जाते, आणि तीही उधारीवर. उधारी असली की दुकानदाराला प्रश्न विचारण्याची सोय राहत नाही, हे वेगळे सांगायला नको.

अर्काची कृती आपणांस ठाऊक आहे, तरी चुका होतात म्हणून लिहितो. पाच किलो निंबोळीचा गर (टरफलाच्या आतील बी) कुटून भरड पूड करावी, नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी काठीने चांगली ढवळून दुहेरी फडक्यातून पिळून गाळावी. दोनशे ग्रॅम साबण एक लिटर पाण्यात वेगळा विरघळवून ठेवावा आणि एकूण द्रावण शंभर लिटर करावे. हा पाच टक्के अर्क झाला. एकराला दोनशे लिटर द्रावण लागत असेल, तर दहा किलो गर लागेल. टरफलासह कुटणार असाल तर वजन जवळजवळ दुप्पट घ्यावे, कारण बियांच्या वजनाचा सुमारे अर्धा भाग टरफलाचाच असतो. अर्क पातळ होण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. साबण अगदी शेवटी, फवारणीच्या तोंडावर मिसळावा, कारण तोही विम्लधर्मी आहे. जड पाण्यात साबणाला फेस न येता दह्यासारख्या गुठळ्या तरंगू लागल्या, तर ते द्रावण पंपात भरू नये. नोझल तुंबते आणि अर्क पानाला चिकटत नाही. अशा पाण्यासाठी साबणाऐवजी चिकटद्रव्य वापरावे.

निंबोळी कशी आहे यावर अर्क अवलंबून असतो. टरफल फोडून पाहावे. आतील गर हिरवट-पिवळसर असेल तर तो चांगला, तपकिरी किंवा काळा पडून कुबट वास येत असेल तर बुरशी लागलेली आहे, तो टाकून द्यावा. पिकलेल्या निंबोळ्या गोळा करून, साल आणि टरफलावरचा चिकट थर धुऊन काढून, सावलीत वाळवाव्यात आणि हवा खेळणाऱ्या गोणपाटाच्या पोत्यात ठेवाव्यात. प्लॅस्टिकच्या पोत्यात त्या घाम धरतात आणि महिनाभरात काळ्या पडतात. गोळा केल्यापासून तीन ते आठ महिन्यांच्या आत वापराव्यात, म्हणजे आषाढातील निंबोळी हरभरा आणि तुरीला बरोबर पुरते. मागच्या वर्षीच्या पोत्याचा अर्क करून ‘अर्क चालत नाही’ असे म्हणू नये.

औसा तालुक्यातून विचारणा आहे की, कडुनिंबाचा पाला उकळून काढलेला काढा फवारला, तरी पांढरी माशी गेली नाही. पाल्यात अझाडिरॅक्टिन बियांच्या मानाने फारच कमी असते, आणि उकळल्यावर त्यातलेही नष्ट होते. पाला धान्याच्या कोठीत घालावा किंवा खड्ड्यात टाकावा. फवारणीसाठी गरच लागतो.

धारूर तालुक्यातील प्रश्न सीताफळाच्या बियांच्या पुडीबद्दल आहे. बालाघाटच्या डोंगरात सीताफळ मुबलक आहे, बी फुकट मिळते, आणि ती पूड किडीवर चालते हे खरे आहे. तरीही ती घरी कुटू नये असेच मी सांगतो. या बियांत स्क्वॅमोसिनसारखी द्रव्ये असतात. ती पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या यंत्रणेची पहिलीच पायरी बंद पाडतात, आणि ही यंत्रणा अळीत असते तशीच माणसातही असते. पुडीचा कण डोळ्यात गेला तर बुबुळाला गंभीर इजा होते. उवांसाठी बियांचा लेप मुलांच्या डोक्याला लावण्याची पद्धत काही घरांत अजून आहे, ती तर तत्काळ बंद करावी. डोळ्यात गेलेच, तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे सतत धुऊन डॉक्टर गाठावा. तूप, दूध असे काहीही घालू नये.

याच शेतकऱ्याने साखरेच्या आजारासाठी निंबोळी तेल घ्यावे काय, असेही विचारले आहे. घेऊ नये. लहान बाळांना निंबोळी तेल पाजल्याने उलट्या, गुंगी, झटके आणि मेंदूला सूज आल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. एखाद्या झाडातील द्रव्य प्रयोगशाळेतील पेशींवर गुणकारी दिसले म्हणजे ते औषध झाले असे नाही. कॅम्पटोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य १९६६ साली एका चिनी झाडातून मिळाले, पण ते मूळ रूपात वापरण्याजोगे निघाले नाही. त्यात बदल करून केलेली औषधे अमेरिकेत मान्य व्हायला १९९६ साल उजाडले. हेच द्रव्य सह्याद्रीतील नरक्या या झाडातही असते, आणि त्याची रोपे मराठवाड्यात लावून लाखो रुपये मिळतील असे सांगणारा एजंट आपल्याकडे आला असल्याचे धारूरहून कळवले आहे. ते जास्त पावसाच्या घाटमाथ्यावरचे झाड आहे. आपल्या पावसावर आणि जमिनीत त्यासाठी आगाऊ पैसे भरू नयेत, खरेदीची हमी कागदावर दिली तरी.

दुकानातील ‘शंभर टक्के हर्बल’ बाटल्यांबद्दलही सांगतो. लेबलवर कीटकनाशक नोंदणी क्रमांक, घटकाचे नाव आणि टक्केवारी, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख नसेल तर ती घेऊ नये. हर्बल म्हणून विकलेल्या औषधाने तासाभरात अळ्या टपाटप पडल्या तर आनंद मानू नये. त्यात न सांगितलेले रासायनिक कीटकनाशक असण्याची दाट शक्यता असते, आणि आपण वनस्पतिजन्य समजून तोंडाला फडके न बांधता ते फवारत असता. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते सर्वांना माहीत आहे. मिश्रण करू नये, आणि पक्की पावती घेतल्याशिवाय दुकानातून निघू नये.

फवारणी पंपाच्या अनुदानासाठी राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर शेतकरी ओळख क्रमांकासह अर्ज करावा. लक्ष्यांक आणि रक्कम दर वर्षी बदलते, ती गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे कृषी सहायक) विचारून घ्यावी. बाटलीबाबत तक्रार असेल तर पावती, लेबल आणि शिल्लक औषधासह ती बाटली घेऊन पंचायत समितीच्या कृषी विभागातील गुणनियंत्रण निरीक्षकांकडे यावे. रिकामी बाटली आणि तोंडी तक्रार यावर नमुना काढता येत नाही.