जुन्या पेंटियममध्ये मेमरी वाढवताना
ठाण्यात खाडीच्या दमट हवेत २५ वर्षे काढलेल्या संगणकाची मेमरी वाढवण्याआधी मदरबोर्डवरील चिपसेटचे (प्रोसेसर आणि मेमरी यांना जोडणाऱ्या चिपांच्या संचाचे) नाव वाचून घ्यावे, अशी माझी तुम्हाला कळकळीची सूचना आहे. इंटेल ४३०टीएक्स चिपसेट २५६ एमबीपर्यंत मेमरी स्वीकारतो, परंतु कॅशचा (प्रोसेसरसाठीच्या छोट्या, अतिवेगवान मेमरीचा) लाभ केवळ पहिल्या ६४ एमबीला मिळतो; विंडोज ९८ वरच्या टोकाकडून मेमरी वापरत असल्यामुळे अधिक मेमरी बसवल्यास यंत्र उलट मंदावू शकते. म्हणून ६४ एमबीवर थांबणेच मला योग्य वाटते.

७२ पिनांची सिम पट्टी (मेमरीच्या चिप बसवलेली पट्टी; मोबाइलच्या सिमशी तिचा संबंध नाही) ३२ बिटांची असते आणि पेंटियम प्रोसेसरची डेटा बस (माहितीची ने-आण करणारा मार्ग) ६४ बिटांची, त्यामुळे समान पट्ट्यांची जोडीच घ्यावी लागते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जुनी पट्टी मिळाली, तर तिच्या पिना सोनेरी आहेत की कथिलाच्या, हे सॉकेटशी ताडून पाहावे, कारण दोन भिन्न धातूंच्या स्पर्शाने, विशेषतः आपल्या पावसाळ्यात, संपर्क खराब होत जातो. याच कारणाने माझा एक उत्तम बोर्ड वारंवार अडकत असे आणि मी मात्र पॉवर सप्लाय बदलत राहिलो होतो. पट्टी तिरकी घालून मग हळूच उभी करावी. सॉकेटच्या प्लास्टिकच्या खटक्या फार ठिसूळ झालेल्या असतात.