सामूहिक दुर्घटनेत प्लॅस्टिक सर्जनला केव्हा बोलवावे?

आपण विचारले आहे की, मोठ्या दुर्घटनेत एकाच वेळी अनेक जखमी येतात तेव्हा प्लॅस्टिक सर्जनचे नेमके काम काय, ते तर सारे निभावल्यावर व्रण आणि चेहरे दुरुस्त करायला येतात ना. आणि जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात त्यांना कोठे स्थान असावे. यातील ‘सारे निभावल्यावर’ ही समजूत मी मिरजेत शस्त्रक्रिया करू लागलो तेव्हापासून ऐकत आलो आहे, आणि रुग्णांपेक्षा डॉक्टरांच्या तोंडून अधिक ऐकली आहे. ती साफ चुकीची आहे. आमची आधुनिक शाखा मुळात सामूहिक जखमींमुळेच उभी राहिली: पहिल्या महायुद्धात जबडे आणि नाके उडालेले सैनिक इतक्या संख्येने येऊ लागले की १९१७ मध्ये इंग्लंडमधील सिडकप येथे सर्जन हॅरॉल्ड गिलीज यांच्या कामासाठी स्वतंत्र रुग्णालय उघडावे लागले.

काही वर्षांपूर्वी ऐन गळीत हंगामात, ऊसतोड मजुरांची टोळी घेऊन निघालेली ट्रॅक्टरची ट्रॉली रात्री आमच्या भागात कालव्याच्या कडेला उलटली. जखमी वाट फुटेल त्या रुग्णालयात नेले गेले. त्यांतील एका तरुणाला आमच्याकडे आणले आणि त्याच टोळीतील एका बाईला दुसरीकडे दाखल केले. दोघांचीही नडगी मध्यावर मोडून हाड बाहेर आले होते आणि जखमेत कालव्याचा चिखल भरलेला होता. आम्ही आणि आमचे अस्थिरोगतज्ज्ञ त्याच रात्री एकत्र उभे राहिलो. जखम भरपूर पाण्याने धुतली, मेलेले स्नायू आणि कातडी काढून टाकली, हाड बाहेरून रॉड लावून स्थिर केले आणि जखम मुद्दाम उघडी ठेवली. पुन्हा एकदा धुऊन झाल्यावर पोटरीतला खोल स्नायू वळवून हाडावर आणला आणि त्यावर मांडीची पातळ त्वचा लावली. पुढे हाड जुळायला बराच काळ गेला, परंतु तो तरुण स्वतःच्या पायावर फडात परतला.

त्या बाईची जखम पहिल्याच रात्री कातडी ताणून, टाके घालून बंद करण्यात आली. ताणलेली कातडी काळी पडली, टाके सुटले, हाड उघडे पडून सुकले आणि त्यात पू झाला. जखमेला वास येऊ लागल्यावर ‘कातडी लावायची आहे’ असा निरोप मला आला. सुकलेल्या, पू धरलेल्या हाडावर नुसती त्वचा तग धरत नाही, कारण तिला खालून रक्त मिळत नाही. अखेर गुडघ्याखाली पाय काढावा लागला. टोळीचा मुकादम मला विचारत राहिला की, त्या पोराचा पाय राहिला तर हिचा का नाही. मी त्याला खरे कारण सांगितले आणि ते सांगितल्याबद्दल काही सहकाऱ्यांचा रोष अजून सोसतो आहे.

पुढे एका नियोजनाच्या बैठकीत मी मागणी केली की, बोलावण्याच्या पहिल्या यादीत प्लॅस्टिक सर्जनचे नाव असावे. त्यावर एक ज्येष्ठ शल्यचिकित्सक म्हणाले, ‘आधी जीव वाचू द्या, मग तुम्ही या.’ बैठक तेथेच मिटली. जीव आणि पाय यांतील एकच निवडायचे असते, हे गृहीत मला तेव्हाही मान्य नव्हते आणि आजही नाही. तत्कालीन युगोस्लाव्हियातील सर्जन मार्को गोदिना यांनी ५३२ रुग्णांचा अनुभव १९८६ मध्ये मांडला. त्यात पहिल्या ७२ तासांत जखम झाकलेल्या रुग्णांमध्ये रोपण, म्हणजे शरीराच्या दुसऱ्या भागातून रक्तवाहिन्यांसह आणून जखमेवर जोडलेला मांस-कातडीचा तुकडा, वाया जाण्याचे प्रमाण १ टक्क्याहून कमी होते, तर त्यानंतरच्या तीन महिन्यांत झाकलेल्यांमध्ये ते सुमारे १२ टक्के होते. हा निबंध वाचलेला सर्जन आम्हाला शेवटी बोलावणार नाही.

हाडे आणि जखमा झाकण्यापलीकडचे कामही पहिल्याच दिवसाचे असते. छातीभोवती किंवा हातापायाभोवती पूर्ण वेढा पडेल अशी खोल भाजलेली कातडी आवळत जाते आणि ती वेळीच चिरून मोकळी केली नाही, तर श्वास किंवा रक्तपुरवठा अडतो. तुटलेली बोटे, नसा आणि रक्तवाहिन्या जोडणे हेही घड्याळाशी बांधलेले काम आहे, कारण रक्त न मिळालेला स्नायू साधारण सहा तासांत मरू लागतो. शिवाय कोणता अवयव वाचण्याजोगा आहे आणि कोणता ताबडतोब काढणेच हिताचे आहे, हा निर्णय अस्थिरोगतज्ज्ञांबरोबर आम्हीही घ्यायचा असतो.

आराखड्याबद्दल थोडक्यात सांगतो. सांगली-मिरजेत शासकीय आणि खासगी मिळून जे प्लॅस्टिक सर्जन आहेत, त्यांचे क्रमांक कॅज्युअल्टीत लावलेले असावेत, त्वचा काढण्याचे यंत्र आणि त्याची पाती शिल्लक असावीत, आणि उघड्या हाडाचे रुग्ण तालुक्यांत विखुरले न जाता एकाच ठिकाणी यावेत.

मर्यादाही सांगायला हव्यात. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यात मांढरदेवीला चेंगराचेंगरीत जवळपास ३०० भाविक मृत्युमुखी पडले. चेंगराचेंगरीत छाती दाबून श्वास कोंडतो, तेथे आमची विद्या मृत्यू टाळू शकत नाही. ढिगाऱ्याखाली बराच वेळ चिरडलेला, वरून बंद असलेला पाय उशिरा उघडला तर जंतुसंसर्ग वाढतो, त्यामुळे ‘दिसला की चिरा’ असेही माझे म्हणणे नाही. जखमींची रीघ लागलेली असताना तासन् तास चालणारे सूक्ष्मदर्शकाखालचे रोपण करत बसणे अयोग्यच. तेव्हा धुणे आणि उघडे ठेवणे एवढेच करावे. अस्थिरोगतज्ज्ञांशी माझे वैर नाही. बाहेरचे रॉड कोठे टोचले यावर पुढे स्नायू कोणत्या बाजूने वळवता येईल हे ठरते, म्हणून पहिला रॉड टोचण्यापूर्वी त्यांनी आम्हाला फोन करावा, एवढेच माझे त्यांना सांगणे आहे.