जुन्या पुलावर कोणते सेन्सर बसवावेत?

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या नदीवर सुमारे पन्नास वर्षांपूर्वीचा, प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच्या (आतल्या ताणलेल्या पोलादी तारांनी आधीच दाबून ठेवलेल्या) गर्डरांचा, म्हणजे तुळयांचा, पूल आहे. त्याच्या देखरेखीसाठी एका कंपनीने कंपने मोजणारे अ‍ॅक्सेलरोमीटर सुचवले आहेत, तर दुसरीने गर्डरांना चिकटवायची ऑप्टिकल फायबर. नोंदींचे गणिती विश्लेषण पहिली कंपनी फुरियर पद्धतीने करणार आहे, दुसरी वेव्हलेट पद्धतीने. यांपैकी कोणती पद्धत अधिक विश्वासार्ह मानावी?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : दोन्ही पद्धती खऱ्या आहेत, मात्र त्या वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, आणि आपल्या पुलाला नेमका धोका कशाचा आहे हे आधी ठरवल्याशिवाय त्यांची तुलना करणे व्यर्थ आहे.

अ‍ॅक्सेलरोमीटरच्या नोंदींवरून संपूर्ण पुलाची नैसर्गिक वारंवारिता, म्हणजे तो आपणहून सेकंदाला किती वेळा हलतो ते, काढतात. पूल कमकुवत झाला की ती उतरते, हे तत्त्व बरोबर आहे. पण वारंवारिता दृढतेच्या (वाकण्याला होणाऱ्या विरोधाच्या) वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्याने दृढता २ टक्क्यांनी घटली तरी वारंवारिता जेमतेम १ टक्क्याने उतरते, आणि एखाद्या ठिकाणच्या तड्याने अख्ख्या पुलाची दृढता बहुधा तेवढीही घटत नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधील रिओ ग्रांदे नदीवरचा आय-४० महामार्गाचा पूल पाडण्यापूर्वी, १९९३ साली, त्याचा एक पोलादी गर्डर चार टप्प्यांत मुद्दाम कापून कंपने मोजण्यात आली होती. तीन काप दिल्यावरही सुमारे २.५ हर्ट्झची पहिली वारंवारिता जवळपास जागची हलली नाही. गर्डरची खालची पट्टी पूर्ण तुटल्यावरच ती २.३ हर्ट्झवर आली. इतक्या उशिरा मिळणाऱ्या सूचनेवर एकट्याने भिस्त ठेवणे मला धोक्याचे वाटते.

दुसरी अडचण तापमानाची आहे. स्वित्झर्लंडमधील झेड-२४ हा १९६३ सालचा प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा पूल १९९८ साली पाडण्यापूर्वी जवळजवळ वर्षभर निरीक्षणाखाली होता. त्याला कोणतीही इजा केलेली नसताना, केवळ थंडीत डांबराचा थर कडक झाल्यामुळे, त्याच्या वारंवारितांमध्ये दहा टक्क्यांहून अधिक फरक दिसला. आपल्याकडे बर्फ पडत नाही हे खरे. परंतु एप्रिलच्या दुपारी तापलेला स्लॅब आणि पहाटेचा गार स्लॅब यांच्या नोंदी सारख्या येणार नाहीत, शिवाय गर्डर ज्यावर टेकतो ते बेअरिंग गंजून अडकलेले असेल तर हा फरक आणखी वाढू शकतो.

ऑप्टिकल फायबर याच्या उलट अगदी स्थानिक माहिती देते. तिच्यातील ग्रेटिंग, म्हणजे ठराविक तरंगलांबीचाच प्रकाश परत पाठवणारा छोटा भाग, साधारण १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश परावर्तित करते. एका मायक्रोस्ट्रेनला (लांबीत दहा लाखांत एक भाग इतक्या बदलाला) ही तरंगलांबी सुमारे १.२ पिकोमीटरने (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग) सरकते, तर एक अंश सेल्सिअसला सुमारे १० पिकोमीटरने. म्हणजे तापमानातील एका अंशाचा बदल आठेक मायक्रोस्ट्रेनचा आभास निर्माण करतो, आणि शेजारी ताण न घेणारी, फक्त तापमान टिपणारी ग्रेटिंग नसेल तर त्या आकड्यांना अर्थ राहत नाही. विजेच्या तारांचा उपद्रव तिला होत नाही आणि एकाच फायबरवर अनेक ग्रेटिंग बसतात, हे तिचे मोठे फायदे आहेत. मात्र तडा ग्रेटिंगपासून दूर पडला, तर तो तिला बहुधा कळणार नाही.

आपल्या पुलाच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती डक्टमधल्या, म्हणजे काँक्रीटमधून जाणाऱ्या नळ्यांतल्या, ताणलेल्या पोलादी तारांची. डक्टमध्ये ग्राउट (सिमेंटचा घोल) नीट भरलेले नसेल तर पाणी शिरून तारा आतल्या आत गंजतात, आणि बाहेर तडा दिसेपर्यंत ताण किंवा वारंवारिता फारशी बदलत नाही. तार तुटते त्या क्षणी मात्र काँक्रीटमधून उच्च वारंवारितेची ध्वनिलहर जाते. ती टिपणारी अकूस्टिक एमिशन पद्धत दोन्ही प्रस्तावांत नाही, आणि ही उणीव मी गंभीर मानतो. बसवण्यापूर्वी तुटलेल्या तारा ती दाखवत नाही, त्यामुळे आधी काही निवडक ठिकाणी डक्ट उघडून पाहणे आवश्यक आहे.

विश्लेषणाचे उत्तर यातूनच मिळते. फुरियर पद्धत संपूर्ण नोंदीचा एकत्रित विचार करते, म्हणून ती संथ, टिकून राहणाऱ्या कंपनांना योग्य आहे, ०.०१ हर्ट्झचा फरक ओळखायचा असेल तर किमान १०० सेकंदांची सलग नोंद लागते. तार तुटण्यासारखी क्षणिक घटना त्या सरासरीत विरून जाते, तिथे नोंदीच्या छोट्या-छोट्या काळाचा वेगळा विचार करणारे वेव्हलेट हवे. वाहतूक चालू असताना पुलावर नेमके किती बल येते हे मोजता येत नाही, त्यामुळे वारंवारिता आणि अवमंदन (कंपने किती लवकर विरतात ते) काढण्यासाठी मी साध्या फुरियरपेक्षा स्टोकॅस्टिक सबस्पेस पद्धत, म्हणजे बल न मोजता केवळ कंपनांच्या नोंदींवरून हे काढणारी सांख्यिकी पद्धत, पसंत करीन.

पायाचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. पुरात खांबाखालची वाळू खरवडली जात असेल, तर गर्डरवरचे सेन्सर वेळेत इशारा देतीलच असे नाही. त्यासाठी खांबांवर कलमापक (खांब किती कलला ते मोजणारे उपकरण), पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर आणि पावसाळ्यानंतर पाण्याखालची तपासणी हवी.

दोन्ही कंपन्यांकडून लेखी घ्यावे की गर्डरच्या वरच्या व खालच्या अंगाला तापमानाचे सेन्सर असतील, इशाऱ्याची मर्यादा किमान वर्षभराच्या नोंदींनंतर ठरवली जाईल, आणि मूळ, प्रक्रिया न केलेल्या नोंदी पुलाच्या मालक खात्याच्या ताब्यात राहतील.